काठ

दुपारचे साडेतीन. भोजनालयाचं शटर अर्धं खाली.
शेवटचं गिऱ्हाईक नाक पुसत पुसत गेलं,
कपाळावर घाम, तोंडात शिवी आणि तृप्ती.
मोठ्या गंजातली तर्री
अजून हळूहळू डोळे मिटते आहे.

मी बाजूच्या शेगडीवर लहान पातेलं ठेवते.
पाणी, आल्याचा तुकडा, चार मिरे, एक तमालपत्र,
आणि कोंबडीच्या छातीचे दोन तुकडे, बिनकातडीचे,
इतके गोरे की बघायची लाज वाटावी.
या शेगडीनं बत्तीस वर्षांत असलं काही पाहिलं नाही.
पोऱ्या वाकून बघतो.
"कोण बिमार हाय जी, काकू?"

बिमार आत कूलरसमोर बसले आहेत,
मनिराम पराते, ज्यांच्या हातच्या मसाल्यासाठी
लोक कामठीहून येतात, उमरेडहून येतात.
धंतोलीच्या डॉक्टरनं छातीत जाळीची नळी घातली
आणि हातात कागद दिला :
तेल, दिवसाला दोन चमचे.
घरी येईस्तोवर त्या कागदाच्या चार घड्या होऊन
तो पानाच्या डब्यात गेला होता,
चुन्याच्या डबीखाली.

संत्री कॉटन मार्केटातून आणली, मृग बहाराची.
विकणाऱ्यानं एक सोलून तळहातावर ठेवली,
"खाऊन पाहा, मग भाव करा."
भाव केला नाही. पहिल्यांदाच.

एकेका फोडीचा पांढरा पापुद्रा काढते, बिया नखानं.
रस मनगटापर्यंत ओघळतो आणि झोंबतो.
जन्मभर सुकी मिरची, दगडफूल, खसखस वाटली या बोटांनी,
त्यांना इतक्या बारीक चिरा आहेत
हे मला आज संत्र्यानं सांगितलं.

मांस निवलं की हातानं तोडायचं,
सुरी नको. धागा जाईल तसं.
सासरे मागावर बसायचे, म्हणायचे,
ओढू नको पोरी, सुताले विचार.
विचारते.
सुटत जातं.

"मिसळू नको हं आई, मांड,"
भाग्यश्री फोनवर दोनदा म्हणाली.
आमच्यात काय मांडतात? आमच्यात कालवतात.
भाकर कुस्करा, तर्री ओता, कोपरापर्यंत जेवा,
कुठलं काय ते पोटाला कळेल.
इथे मात्र पालकाची कोवळी पानं खाली,
काकडीच्या चकत्या एकीवर एक सरकलेल्या,
मधोमध मांसाचा पांढरा पट्टा,
दोन्ही कडांनी फोडी, केशरी,
आणि फोडींच्या मधे मधे डाळिंबाचा दाणा.
वरून टांगलेल्या दह्यात संत्र्याचा रस, काळं मीठ,
भाजून भरडलेली जवस.
तेल? तव्यालाही नाही.

ताट समोर ठेवलं.
त्यांनी बिल तपासावं तसं तपासलं.
"हे जेवण हाय का रांगोळी?"
मी गप्प. कूलरचं पाणी टपटपत होतं.
बाहेरून मसाल्याचा वास आत यायचा,
आणि त्यांचं नाक तिकडे वळायचं,
नाव घेऊन हाक मारल्यागत.

मग हात पुढे आला. वाटलं, आता ताट सारतात.
त्यांनी एक फोड,
माझ्याकडून जरा बाहेर गेलेली,
बोटाच्या टोकानं आत ढकलली.
"काठ सुटला होता," म्हणाले.
मागावर न बसलेला मागवाल्याचा मुलगा.

तीच फोड उचलली, दोन धागे मांसाचे सोबत.
चावत राहिले डोळे मिटून,
अंधाऱ्या खोलीत बटण चाचपडावं तसे.
मी श्वास धरून, चमचा धरून.

"जवस भाजताना हात लवकर उचलला तू."
"बरं."
"कच्ची हाय."
"बरं म्हटलं ना."
पुढची फोड. पुढची. डाळिंबाचा एक दाणा
मिशीत अडकला, मी सांगितलं नाही.

"उद्या मी भाजतो."

बाहेर पोऱ्यानं संध्याकाळचा कांदा चिरायला घेतला.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याचंच.